काटा एकवरच

सोमवार, ३ तारीख

आले बाई एकदाची मुलाच्या नव्या घरी! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, माझं मांडीवर. टेम्पोत सगळी वाट ह्यांचा सेट मांडीवर धरून बसले होते. ऐकायचा रेडिओ नव्हे हा, बोलायचा. आमचे हे हौशी रेडिओवाले. त्यांनी मलाही शिकवलं, परवाना काढायला लावला. चौथी शिकलेली बाई मी, तिसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा ह्यांनी साऱ्या आळीला चहा पाजला होता. हे गेल्यावर सेट विकू म्हणत होते सगळे. मी म्हटलं, आधी मला विका.

घर छान आहे. वरचा मजला, वर गच्ची. माझी खोली पुढे, नातीची आत. नातीला मी भिंगरी म्हणते, कारण एका जागी ठरेल तर शपथ. तिच्या पलंगाच्या बरोबर वर माळा आहे आणि माळ्याचं दार घरमालकाने खिळे ठोकून बंद केलंय. रिकामाच आहे म्हणे, उघडू नका. रिकामा तर खिळे कशाला? जाऊ दे, लोकांना हौस.

ही वहीसुद्धा भिंगरीनेच दिली. आजी, रोज लिही म्हणाली. लिहिते.

सूनबाईचं स्वागत काय सांगू! सेट बघून म्हणाली, आई, भंगारवाला बुधवारी येतो हं. मी हसले. हसायला पैसे पडत नाहीत.

मंगळवार, ४

एरियल लागली! पाण्याच्या टाकीपासून गच्चीच्या खांबापर्यंत तांब्याची तार ताणली. मधोमध तोडून केबल जोडली, दोन्ही अंगांना सारखी तार. भिंगरीने टोक धरलं. केबल खिडकीतून घेताना खाली झोळ दिला. ह्यांची शिकवण: झोळ दिला की पाणी तिथेच टपकतं, तारेवरून चालत घरात येत नाही.

मग सेटमागचं बटण. डावीकडे फिरवलं की सेट बाहेरच्या तारेला जोडला जातो, उजवीकडे फिरवलं की डब्याला. हा डबा म्हणजे खोटी एरियल. सेट तपासायचा असेल तर डब्यावर बोलायचं, बोललेलं सगळं डब्यातच गरम होऊन जिरतं. हे म्हणायचे, डब्यावर बोललेलं घराबाहेर जात नाही, फार तर त्याच घरात कुणी दुसरा सेट लावून बसला असेल तर त्याला ऐकू जाईल.

डावीकडे फिरवलं, बोलायचं बटण दाबलं, आणि काय सांगू, मीटरचा काटा पहिल्या फटक्यात एकवर! एक म्हणजे उत्तम, काही वाया जात नाही. ह्यांना त्यासाठी आठ-आठ दिवस तार कापत बसावं लागायचं. बघताय ना हो वरून?

हाक घातली. बराच वेळ काही नाही, नुसती शांतता, खरखरसुद्धा नाही. मग एक गृहस्थ आले. आवाज स्वच्छ, अगदी पाच-नऊ, म्हणजे आमच्याकडचे पैकीच्या पैकी मार्क. मला आजी म्हणाले. दोन वर्षांत सेटवर कुणी आजी म्हटलं नव्हतं.

गुरुवार, ६

सकाळी खालचे काठीवाले आले भांडायला. काठी टेकत जिना चढले, धापा टाकत, पण जीभ ताजीतवानी. दुपारी वर कोण नाचतं, विचारत होते. मी म्हटलं, माझे गुडघे बघा आणि मग बोला. तर म्हणे पुरुषाचा आवाजही येतो. हे सूनबाईसमोर! तिने माझ्याकडे असं पाहिलं की हसू की रडू कळेना. या वयात माझ्यावर आळ! आतून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

सूनबाई कामाला गेल्यावर सेटवर ते गृहस्थ पुन्हा आले. त्यांनी नाव-गाव, सेटचा नंबर काही सांगितलं नाही. नियमाने सांगायला हवं, पण माणूस गोड बोलत असला की नियम विचारवत नाही. मी माझे सगळे प्रश्न विचारून घेतले. त्यांच्याशिवाय कुणीच का ऐकू येत नाही? तर म्हणाले, केबल फार लांब आहे, ताकद वाटेतच गळते, माळ्यातून आणा. माळ्याला जाळी आहे, तिथून गच्ची हाताच्या अंतरावर. मला पटलं. ह्यांचंही हेच मत असायचं.

पकडीने खिळे उपटले, केबल माळ्यातून ओढून घेतली. आत खरंच काही नव्हतं. धूळसुद्धा नव्हती.

रविवार, ९

घरात महाभारत. मुलगा म्हणाला, आई, भाड्याच्या घरात खिळे कोण काढतं? सूनबाई म्हणाली, ह्या कुणालाही घरात घेतील, उद्यापासून मी बाहेरून कुलूप लावून जाणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं लाव, मला कुठे जत्रेला जायचंय?

सेटवर मी सगळं सांगून टाकलं. सूनबाईचं कुलूप, दोघं किती वाजता जातात, भिंगरी कुठे झोपते. मन हलकं झालं. गृहस्थ नीट ऐकून घेतात. मग त्यांनी सांगितलं की तार लांब झालीय, दोन्हीकडून कापा, आणि एक टोक माळ्यातून खाली सोडा, नातीच्या पलंगावर. निम्म्यावर कापली, टोकही खाली सोडलं. गंमत म्हणजे काटा हललाच नाही, एकवरच. ह्यांच्या वेळी वीतभर कापली तरी नाचायचा.

भिंगरीलाही बोलू दिलं. तिला रीत शिकवली: समोरचा 'ओव्हर' म्हणाला की आपली पाळी, गप्प बसणं हा उद्धटपणा. तिने लगेच म्हटलं, ऐकू येतंय, पाच-नऊ. गृहस्थ खूप हसले. फार वेळ हसत होते.

मंगळवार, ११

आज सेटवरचं बोलणं बरं झालं नाही.

मी म्हटलं माळ्याचं दार लावून घेते, मुलगी खाली झोपते, पाल-बिल पडेल. तर एकदम आवाज चढला. म्हणाला, दार लावायचं नाही म्हातारे. म्हातारे! कालपर्यंत आजी. मग म्हणाला, खालच्याची काठी मोडून टाकीन. मग हळू आवाजात, मुलीचं अंग तापलंय, पांघरूण घाल.

मी सेट बंद केला, आत जाऊन कपाळाला हात लावला. चांगलीच तापली होती.

मला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं नव्हतं.

मुलाला सांगितलं. म्हणाला, आई, तुझं रेडिओवेड पुरे आता. सूनबाई म्हणाली, भंगारवाला उद्या येईल. पहिल्यांदाच वाटलं, येवो.

गुरुवार, १३, सकाळ

भंगारवाला आलाच नाही. भिंगरीची शाळा चुकली, ताप आहे. दोघं कामाला गेली, कुलूप बाहेरून. मीच सेटची आवराआवर काढली. मागची केबल बोटाने धरून धरून पाहिली.

डावीकडची डब्याला गेलीय. गच्चीची उजवीकडे.

सामान लावताना मीच उलट्या जोडल्या. इतके दिवस डब्यावर बोलतेय मी. म्हणून काटा एकवर. म्हणून तार कापली तरी हलला नाही. म्हणून दुसरं कुणी ऐकू येत नव्हतं.

डब्यावरचं घराबाहेर जात नाही.

तो घरात आहे.

थोड्या वेळाने

बटण उजवीकडे फिरवलं. देवा, किती माणसं! सगळा पट्टा गजबजलेला, कुणी हसतंय, कुणी पावसापाण्याचं बोलतंय. हाक घातली, मदत मागितली. काटा थेट लाल खुणेवर, सेट जळू नये म्हणून बोलणं आपोआप बंद. तार कापलेली ना. त्यानेच कापून घेतली. ऐकू सगळं येतं, माझं कुणालाच नाही.

मुलाला फोन केला. म्हणाला मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू. पुन्हा केला. उचलला नाही.

जमिनीवर तांब्या आपटला. खालून काठीवाल्यांनी काठी आपटून उत्तर दिलं. मी पुन्हा आपटला, त्यांनी पुन्हा. ओरडले, गप बस म्हातारे. त्यांना वाटतंय भांडतेय.

दुपार

भिंगरीला माझ्या खोलीत आणलं. दाराला कपाट सरकवलं. सेटची पिन काढली. वायर हातात आहे माझ्या, भिंतीत काही नाही.

तरी बोलतोय. सेटमधून नाही. आतल्या खोलीतून, वरून. छताच्या कडेकडेने इकडे येतोय. आजी म्हणतोय पुन्हा. गोड.

मी बोलत नाही. बोललं की जवळ येतो, दोनदा पाहिलं. म्हणून लिहितेय. भिंगरीला खुणेने सांगितलं, तोंडावर बोट. मान हलवली पोरीने. डोळे तापाने मिटताहेत, मांडीवरच झोप लागलीय. बरं झालं.

कपाटाच्या वर भिंतीला झरोका आहे. आधी पाहिलाच नव्हता —

केबल त्यातून आत येतेय. कुणी ढकलतंय. झोळ नाही दिलेला. सरळ, चालत —

विचारतोय, ऐकू येतंय का. मी गप्प. पुन्हा विचारतोय. मी गप्प —

म्हणाला, बरं, मग मुलीला विचारतो. म्हणाला, ओव्हर.

भिंगरी झोपेत हलली. नको ग बाई. मी तोंडावर हात — एका हाताने — शहाणी पोर, शिकवलेलं विसरत नाही, ओठ हलताहेत हाताखाली — ऐकू येतंय, पा