पाली वाचनमालेची एकतीस पुस्तकं

१६ जून, सोमवार
शाळा सुरू. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. नववीला पाली घेणारी पंधरा नावं ३० तारखेपर्यंत द्या, नाहीतर विषय बंद. मग मला पाचवीला भूगोल. "तुमची दोनच वर्षं राहिलीयत ना, आरामात जातील." आराम मागितला होता कुणी? गेल्या वर्षीची नऊ मुलं आता दहावीत गेली, त्यांचं हे वर्ष निघेल. त्यांच्यामागे कुणी नाही.
घरी ह्यांना सांगितलं. "बंद झाला तर झाला," म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा कपाळावर.

१७ जून
पालीचं कपाट उघडलं. नववीची वाचनमाला, एकतीस प्रती. छापणं बंद झालं ते मी नोकरीला लागायच्या आधीच, म्हणून जिवापाड जपलेल्या. तरी कसर लागलीच आहे. कव्हरं जुन्या कॅलेंडरांची, आत नावं आणि सालं, एकाखाली एक. आमच्याकडची रीत अशी की दहावीत गेलेल्या मुलाने आपलं पुस्तक स्वतः नववीतल्याच्या हातात द्यायचं. ओळींच्या मधे पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला असतो, मी पहिल्या वर्षी सांगितलेला. नवीन मूल फिकट अक्षरांवरून पुन्हा पेन्सिल फिरवतं. मला याचं फार कौतुक होतं. पाहुण्यांना दाखवायचे मी.
एकतीस पुस्तकं पुसून उन्हात ठेवली. पाठ गेली.

२० जून, शुक्रवार
टिटवाळ्याला गेले. आमच्या नववीतली प्रांजल, तिचे आईवडील नवीन बिल्डिंगमध्ये राहायला गेलेत. वडील दारातच, "जयभीम मॅडम, या या." बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं. रोज सकाळी घरात सगळे मिळून वंदना म्हणतात. मला वाटलं, एक नाव पक्कं.
"पाली कशाला घ्यायची मॅडम? पाली आम्हाला येतेच की. पोरगी तीन वर्षांची असल्यापासून म्हणते."
मी पंचशीलाच्या दुसऱ्या ओळीतल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. विचारायला नको होता. त्यांचा चेहरा उतरला. "अर्थ काय मॅडम, भावना पाहिजे," म्हणाले. बायको चटकन चहा घेऊन आली. प्रांजलने मोबाइलवरून मान वर केली आणि सांगितलं, "बाई, संस्कृतच्या रेडी नोट्स मिळतात क्लासमध्ये. सगळ्या तेच घेतायत."
चहा चांगला होता. नाव नाही.

२२ जून, रवि.
विहारात वंदनेनंतर सेक्रेटरींनी दोन मिनिटं बोलू दिलं. मी सात बोलले. आपण जे रोज म्हणतो ते आपल्या पोरांना कळायला नको का, वगैरे. आवाज चढला होता बहुतेक. टाळ्या पडल्या. नाव एकही पडलं नाही. उलट कमिटीने ठरवलं की निवृत्त झाले की माझा शाल देऊन सत्कार करायचा. म्हणजे मी गेले असं धरूनच चाललेत सगळे.

२५ जून, बुध.
सुजाता भेटली. माझी जुनी विद्यार्थिनी, दहावीला पालीत अठ्ठ्याण्णव. कोलशेतला एका कंपनीत मोठ्या जागेवर आहे. तिची भाची आमच्याच नववीत, म्हणून मुद्दाम गेले. जुनी आठवण म्हणून वाचनमालेची एक प्रत पिशवीत होती. ती बघून सुजाता इतकी खूश! म्हटलं, वाच की दोन ओळी. कुंभाराचा धडा काढला. पहिल्या शब्दावरच अडली. हसली, "बाई, वाचता नाही येत आता." आणि मग डोळे मिटून अख्ख्या धड्याचा मराठी अर्थ धडाधड म्हणून दाखवला. माझी वाक्यं, माझेच शब्द, एक काना इकडचा तिकडे नाही.
"बघा बाई, अजून पाठ आहे!"
शाब्बास म्हणाले. दुसरं काय म्हणणार? भाचीचं विचारते म्हणाली.

२६ जून
कालचं डोक्यातून जात नाही. प्रांजलच्या वडिलांना मी काय म्हणून ऐकवलं? त्यांना पाली पाठ आहे, सुजाताला तिचं भाषांतर. फरक एवढाच की सुजाताला त्याचे मार्क मिळाले. आणि तिला तसं शिकवलं कुणी? पहिल्या वर्षी मी गाईड पुढे ठेवून अर्थ सांगितला, मुलांनी लिहून घेतला, निकाल शंभर टक्के लागला. मग बदलायचं कशाला?
मी एम.ए. झाले तीही अशीच. नाना (माझे वडील) कारखान्यातून आले की म्हणायचे, "शिक आणि आपण काय म्हणतो ते मला सांग." सांगितलं मी त्यांना. पाठ केलेलंच सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं, हात जोडून ऐकायचे. लाज वाटते आता.

२८ जून, शनि.
चार नावं. चारही मुली. सुजाताची भाची त्यात नाही.
मु.अ. मॅडम म्हणाल्या, "उरलेली अकरा कागदावर दाखवू ना. बसतील संस्कृतलाच. तुमचाही विषय राहील." वाईट बाई नाही, खरंच मदत म्हणून सांगत होती. सोमवारपर्यंत वेळ मागितला. हे म्हणाले, "सही करून टाक. कोण बघतंय?" मला मोह झाला, खोटं कशाला लिहू? जेवताना मनातल्या मनात अकरा नावंसुद्धा काढून झाली.

३० जून
चारच नावांची यादी दिली. फार धीराने वगैरे नाही. मॅडमनी वाचली, घडी घातली. "ठीक आहे. संस्थेकडे पाठवते. निर्णय येईपर्यंत लायब्ररीत घ्या चौघींना."

२ जुलै, बुध.
दहावीतल्या मुलांनी पुस्तकं दिली चौघींना. रीत पार पडली. मी लगेच कुंभाराचा धडा काढला. ठरवलं होतं, या वेळी अर्थ सांगायचा नाही, शब्द सोडवायला लावायचे.
पाच मिनिटांत खडवलीहून येणारी श्रेया उभी राहिली. "बाई, ही ओळ ऑप्शनला आहे का?"
कुठली?
"ही. हिच्याखाली पेन्सिलीने काहीच नाहीये. म्हणजे सोडायची ना?"
बघितलं. खरंच कोरी. बाकीच्या तिघींच्या पुस्तकांतही कोरी.
शाळा सुटल्यावर कपाटातली सत्तावीस काढली. सगळ्यांत तीच ओळ कोरी. घरी येऊन पहिल्या वर्षीची माझी वही शोधली. मीच सांगताना गाळलेली. घाईत नजर खालच्या ओळीवर गेली असेल. अठ्ठावीस वर्षांत एका मुलाने विचारलं नाही. मुलांचं सोडा, मी स्वतः वहीवरून शिकवत राहिले, पुस्तकात बघितलंच नाही.

३ जुलै
धडा असा. कुंभाराची भट्टीतली सगळी मडकी फुटतात. बायको चिडते, आता खायचं काय म्हणून रडते. मग ती कोरी ओळ, कुंभार तिला काहीतरी बोलतो. पुढच्या ओळीत बायको हसायला लागते.
का हसली? इतक्या मुलांनी पाठ केलं, रडली आणि हसली. मध्ये काय झालं ते कुणालाच नको होतं.

६ जुलै, रवि.
कोश घेऊन सकाळपासून बसले. 'माती' लागलं, 'हात' लागलं. क्रियापद लागत नाही. एकदा वाटतं तो स्वतःवर विनोद करतोय, एकदा वाटतं तिची समजूत काढतोय. गाईड कधीच रद्दीत गेलं. ज्यांनी मला शिकवलं ते सर आता नाहीत. बरोबरीच्या दोघींना फोन केला. एक म्हणाली, "अगं, सोडून दे ना ती ओळ." दुसरीने मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं.
संध्याकाळी रडू आलं. एका ओळीसाठी नाही.

१० जुलै, गुरु. आषाढ पौर्णिमा
विहारात भिक्खूंचा पावसाळी मुक्काम, वर्षावास सुरू. भंतेजींना एकटं गाठून ओळ दाखवली. त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, मला सुत्त म्हणता येतं. हे नाही येत." त्यांच्यावर रागावता येईना. बाहेर खीर वाटत होते, घेतली.

१४ जुलै, सोम.
संस्थेचं पत्र नाही. मु.अ. मॅडम म्हणाल्या, "आठवडाभरात कळेल." पाचवीच्या वेळापत्रकावर पेन्सिलीने माझं नाव घातलेलं बघितलं.
लायब्ररीत तिघीच होत्या. चौथीने संस्कृत घेतलं. ती ओळ फळ्यावर लिहिली आणि खरं ते सांगितलं, मलाही पूर्ण लागत नाही, आपण मिळून लावू. तुम्हाला काय वाटतं, सगळं फुटल्यावर बाई का हसली असेल? काहीही सांगा, चुकलं तरी चालेल.
मग श्रेयानेच तोंड उघडलं. "बाई, तुम्हीच सांगा ना. आम्ही लिहून घेतो."
तिघींनी पेन्सिली घेतल्या, पुस्तकं जवळ ओढली आणि त्या कोऱ्या जागेवर टोक टेकवून माझ्याकडे बघत बसल्या.