पहिल्या वेताच्या दोघी

९ सप्टें.
हरिपाठ झाला, मग शेडवर. गौरा आणि नवी, दोन्ही डुकरिणी दीड महिन्यामागं एकाच आठवड्यात व्यालेल्या. गौराचं हे पाचवं वेत, नवीचं पहिलं. भरडा एकच, पाणी एकच, हात माझाच. तरी गौराचं पिलू उचलायला दोन हात लागतात, नवीचं एका हातात येतं.
आणि नवीच्यातल्याच दोन माद्या आक्काला द्यायच्या आहेत. आमच्या घरची रीत. गाय असो, शेळी असो, पहिल्या वेताची मादी माहेरवाशिणीची. नवी व्याली त्याच दिवशी विठोबापुढं बोलून मोकळा झालो. आक्कानं त्यावर मन बांधलंय. ह्या वर्षी ऊसतोडीला जायचं नाही, आष्टीकडं आपल्या घरीच राहून ह्या दोघी वाढवायच्या. मुकादमाला अजून हो-नाही काही केलेलं नाही.

१२ सप्टें.
पिलं आज दुधावरून तोडली, दोन्हीकडची. गौरा भरडा खाऊन आडवी झाली, सुटल्यासारखी. नवी दाराला नाक घासत उभी. तेव्हा नीट पाहिलं, पाठीचा कणा वर आलाय तिचा. एवढी कधी वाळली? माझं लक्ष सगळं पिलांवर.

१५ सप्टें.
नवीच्या पिलांना हगवण. वाढायचं सोडून उलट उतरलीत. गौराची एक दिवस गप्प होती, मग तुटून पडली भरड्यावर.
बायको कमल म्हणाली, "अवो, नजर लागली असंल." मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या तिनं. मी औषधाला बीडला गेलतो. दोन्ही झालं.

१७ सप्टें.
डॉ. मॅडम येऊन गेल्या. हगवण थांबत आलीय म्हणाल्या. मी विचारलं, माझं काय चुकलं?
"चुकलं असं नाही काका. नवी स्वतःच अजून वाढतेय. खाल्लेलं तिच्या अंगाला लागणार, का दुधात उतरणार? पहिलटकरणीची पिलं जन्मतःच हलकी असतात. आजाराशी झगडायची ताकदही त्यांना आईकडून कमी मिळते. अंगावर पितात तोवर निभावतं, तोडलं की उघडं पडतं. आता तिला लगेच पुन्हा गाभण राहू देऊ नका. अंगावर मांस येऊ द्या, नाहीतर पुढच्या वेतातही हेच."
गौराचं पहिलं वेत कसं होतं, आठवून पाहिलं. आठवेना. जगली होती पिलं, तेवढ्यावरच खूश होतो तेव्हा.
दुपारभर एकच डोक्यात. म्हणजे रीत म्हणून आम्ही लेकी-बहिणींना नेमकं हलकं तेच देत आलो. आणि देताना मान केवढी ताठ.

२२ सप्टें.
घट बसले. भजनाला देवळात. टाळ घेताना दामूअण्णा मोठ्यानं, "बापू, आंगूळ करून आलाव न्हवं? का वराह अवतार संगंच हाय?" सगळे हसले, मीही हसलो. अण्णांच्या जिभेला हाड नाही, पण मला शेजारी बसायला जागा तेच करतात.
अभंगात मन नव्हतं. देवळातच ठरवलं. आक्काला गौराच्या दोन द्यायच्या. शब्द देवाला दिलेला, पण तो पाळून तोटा होणार आक्काला. देवाला एवढं कळत असेल.

२३ सप्टें.
आक्काला फोन.
"आक्का, गौराच्या नेतीस का? दणकट हायत."
"कावून? माझ्या कुठं गेल्या?"
"हायत. पण लई बारीक हायत."
"देवापुढं बोललास अन् आता फिरतोस व्हय रं?"
फोन ठेवून दिला तिनं. माझं बोलणं अर्धंच राहिलं.

३ ऑक्टो.
एकादशी. आक्का टेम्पो घेऊनच आली. चहाही न घेता थेट शेडवर. गौराच्या पिलांकडं मान वळवली नाही. नवीच्या गाळ्यात उकिडवी बसली.
मी म्हणालो, "हट्ट करू नको. तुझं वर्ष ह्यांच्यावर हाय. डॉक्टर मॅडम म्हणल्या, पहिलटकरणीचं असंच ऱ्हातंय."
"मॅडमला म्हणावं, मी बी पहिल्या वेताचीच. आई पोरसवदा व्हती, दूध तरी कुठून पुरणार मला? तू पाचवा. म्हून असा रेडा झालायस."
कमल पदरात तोंड घालून हसत होती. मलाही हसू आलं, पण मधेच अडकलं. आक्का माझ्या खांद्याला लागते. आजवर मला वाटायचं, कष्टानं खुजी राहिली.
दोन उचलल्या तिनं. एक जरा बरी, एक अगदीच किरटी. किरटी पदरात गुंडाळून पुढं ड्रायव्हरजवळ बसली. कमलनं दोघींना कुंकू लावलं.
उपवास होता, तरी भूक अशी लागलीच नाही.

८ ऑक्टो.
नवी भरडा संपवून भांडं चाटते आता. कणा अजून हाताला लागतो.
आक्काचा फोन. बरी होती ती खाते. किरटी भरड्यात पाय देऊन नुसती उभी राहते, बोटानं चाटवलं तर चाटते. सकाळी मुकादम दारात येऊन गेला. ऊसतोडीची गाडी परवा निघायची आहे.
"मग काय सांगितलंस?"
"म्हणलं, उंद्या या. आज आमच्यातल्या एकीचं जेवण चाललंय अजून."