साहेब शेकायला येतात

प्रिय आई,
तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. थंडीचं म्हणशील तर स्वेटर पुरतो, दोन घातले की. नवा लॅपटॉप मांडीवर घेऊ नकोस म्हणालीस, पण तो पाट्याएवढा जड आहे, टेबलावरच बसतो. पुलाचं गणित करायला लागला की मिक्सरसारखा घरघरतो आणि कडेने गरम वारा सोडतो.

परवा ऑफिसातला हीटर बंद पडला. एरवी माझ्याकडे ढुंकूनही न बघणारे साहेब खुर्ची ओढून लॅपटॉपच्या कडेला हात शेकत बसले. बसल्याबसल्या त्यांना पडद्यावरचा माझा पूल दिसला.

"हा मधला खांब काढला तर?"

"पूल पडेल," मी बोलून गेले. नोकरी अजून पक्की झालेली नाही, हे मग आठवलं.

"दाखवा," साहेब म्हणाले.

मी खांब काढून गणित पुन्हा लावलं. लॅपटॉप बराच वेळ घुमला, मग पडद्यावरचा पूल लालभडक होऊन मधोमध वाकला. तोवर साहेब छान शेकून निघाले होते.

"खांब राहू द्या. कंपनीच्या मालकांना खर्च वाचवायला तो नकोय, त्यांना तुम्हीच समजवा."

बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

हीटर काल दुरुस्त झाला. साहेब आजही खुर्ची घेऊन आले.

तुझीच,
धाकटी