औक्षणाला भिणारा बैल

सिंदी (रेल्वे)

ती. नरहरदादा यांस,

धाकट्या नमिताचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून वहिनींनाच वर-खाली करावं लागतं? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे माझं आहे. बाकीच्यांचं पुढे लिहिते.

देवेंद्रला (तुमचा लाडका भाचा, मी त्याला जन्म दिला एवढाच माझा संबंध) कुणीतरी सांगितलं की बापाने मुलीबरोबर रोज तासभर शैक्षणिक खेळ खेळावा. तेव्हापासून घरात खोकी येतात. बाप जमिनीवर पालथा पडून खेळतो आणि मेघा शेजारी बसून स्क्रू धरते. दुर्बीण त्याने जोडली, चंद्र त्याने पाहिला आणि मग तिला विचारलं, 'काय शिकलीस?' 'थांबायले,' ती म्हणाली. (फी इंग्रजी शाळेची भरतो, बोली शेजारच्या लहानू सुताराची फुकट येते.)

यंदा तान्ह्या पोळ्याला स्वतःचा लाकडी बैल हवा, असा तिचा हट्ट. सात वर्षांची आहे; गेली दोन वर्षं दुसऱ्यांचे बैल मागून ढकलत होती. आपला बैल आणि आपल्या हातात दोरी, एवढंच मागणं. लहानूने बैल तासून चाकं बसवून दिला, रंग तिने दिला (एक डोळा कपाळावर गेला आहे, पण बैलाची तक्रार नव्हती). गोष्ट इथेच संपायची. पण देवेंद्र कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. त्याने बैलाच्या पोटात मोटार बसवली आणि नाकात सेन्सर, म्हणजे समोर काही आलं की बैल आपोआप मागे सरकणार. दोरी काढली, आता तिची गरजच नाही म्हणाला. मेघाने ती फ्रॉकच्या खिशात घातली. मी बोलले. खोक्यातलं सूचनापत्रक शेवटपर्यंत वाचायची शिस्त मला शाळेतल्या सिस्टरांनी लावली आहे, आणि त्यात ठळक छापलं होतं, 'मुलाला करू द्या.' पण बँकेत छत्तीस वर्षं माझं ऐकलं गेलं, घरात कोण ऐकतं!

पोळ्यात सगळे बैल रांगेत उभे. अन्नपूर्णाबाई (आमच्या वस्तीत पहिली पूजा त्यांची) ताट घेऊन आल्या. त्यांनी कुंकवाचं बोट पुढे केलं, बैल मागे. त्या पुढे, बैल आणखी मागे. मग त्या इरेला पेटून लगबगीने पुढे गेल्या, तो लगबगीने मागे गेला, आणि मागच्या रांगेतले पाच बैल आडवे झाले. लहानू ओरडला, 'देवाभाऊ, हा बैल व्हय का रुसलेला जावई? ओवाळून घेऊन नाई राह्यला!' देवेंद्र रांगत समोरून बटणाकडे हात नेई, आणि त्याचा हात दिसला की बैल पुन्हा मागे. पाच बैलांची पाच मुलं एका सुरात रडत होती.

शेवटी मेघा मागून गेली, बैल उचलला, पोट उघडून बॅटरी काढली आणि बापाच्या हातात ठेवली. दोरी बांधली. 'बाबा, तुम्ही आता बोजाऱ्याची थैली पकडजा,' म्हणाली. मग ती बैल ओढत दारोदार पुढे आणि प्राध्यापकसाहेब खाऊची थैली घेऊन मागे. आमच्या दारी आली तेव्हा मी कुंकू लावलं. बैल जागचा हलला नाही. मेघाही नाही, किती ताठ उभी होती, तुम्ही पाहायला हवी होती.

तात्पर्य, मुलांच्या खेळण्यांना मोठ्यांनी हात लावू नये. वहिनींना नमस्कार.

तुमची,
नमिता

ता. क. टेलिफोन खात्यातलं तुमचं सोल्डरिंग आयर्न अजून असेल, तर तुमचा प्रफुल रविवारी इकडे येतो आहे, त्याच्याबरोबर नक्की पाठवा. परवाच्या खोक्यात जोडायचा रेडिओ निघाला. देवेंद्रने त्याला हात लावला नाही, शहाणा झाला आहे. म्हणून मीच उघडला. दोन तारा राहिल्या आहेत.

ता. क. २. मेघा सकाळपासून दारात उभी राहून 'आजी, मले कधी देशील?' विचारते आहे. तुमचं ती ऐकते. तिला दोन ओळी लिहा, की मोठ्यांचं काम चालू असताना मध्ये बोलू नये.