टिफनीचा टाटा

वटार,
१२ जानेवारी २०२५

प्रिय ॲंजेला,
अ. आ. फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र शेजारच्या रॉकीच्या हाती पाठवते. सोबत वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आहेत, जावयापासून, फ्लॉईडपासून लपवून ठेव.

बाप्तिस्मा छान झाला. चार महिन्यांची पोर, पण देवळात डावा हात सारखा हलवत होती! तुझे प्लासिडकाका गावभर सांगत सुटलेत, टिफनीने फादरना टाटा केला, पोर डावखुरी होणार. तिच्या उजव्या पापणीपासून कपाळापर्यंतच्या लाल डागाचं मनाला लावून घेऊ नकोस. तू ग्रहण पाहिलंस म्हणणाऱ्यांच्या तोंडी कोण लागणार? पण टोपी डोळ्यावर ओढून फोटो काढलेले मला आवडले नाहीत हो. आपली लेक, झाकायची कशाला?

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी पॉलिन मावशी

बोळिंज,
९ फेब्रुवारी २०२५

ती. पॉलिन मावशीस,
सा. न. सुकेळी तशीच पडून आहेत. लस द्यायला नेली तेव्हा टिफनीने पुन्हा टाटा केला. मी हसले, डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला, तरी तो हलतच राहिला. मग टोपी काढायला लावली आणि बाप्तिस्म्याचा व्हिडिओ मागितला.

मावशी, तो टाटा नव्हता गं, फिट होती. डोळ्यावर, कपाळावर असा डाग असला तर कधीकधी आत मेंदूवरही रक्तवाहिन्यांचं तसंच जाळं असतं. डाग उजवीकडे, तर झटके डाव्या अंगाला, असं त्या म्हणाल्या. मुंबईला एमआरआय केला, तेच निघालं. उजव्या डोळ्यात दाबही वाढलाय. औषधं सुरू केलीत.

व्हिडिओत आपण सगळे टाळ्या वाजवतोय. तो पुसवत नाही आणि बघवतही नाही. काकांना तूच सांग, माझ्याने होणार नाही.

प्रार्थनेत आठवण ठेव.
तुझी ॲंजेला

वटार,
१६ जून २०२५

प्रिय ॲंजेला,
अ. आ. फिट कमी झाल्या म्हणून काल तुझ्याकडून घरी आल्याबरोबर मेणबत्ती लावली. पण खुळखुळा डावीकडे धरला तरी ती उजवाच हात पुढे करते, हे मीही पाहिलं. जीव तुटला गं.

व्यायाम घेणाऱ्या बाईंनी डाव्या हाताने टाटा शिकवायला सांगितलंय, हे तू म्हणालीस ते तुझ्या काकांनी मनावर घेतलं. निघताना दारात उभे राहून डावा हात हलवत राहिले. मी लिफ्ट धरून ठेवली होती. टिफनी त्यांच्याकडे बघून हसली. तिचा डावा हात मांडीवरून उठला नाही.

येत्या रविवारी पुन्हा येतोय. ते म्हणतात, तिने टाटा केल्याशिवाय निघायचं नाही.

माया अशीच राहू दे.
तुझी पॉलिन मावशी