माझ्या विणकामाला हात लावणाऱ्यांविषयी

मी, खाली सही करणारी, टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, विधवा, मूलबाळ नसलेली आणि या दोन खोल्यांची एकटी मालकीण, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याची प्रतही काढली आहे. ती कुठे आहे ते सांगणार नाही.

मोतीबिंदूमुळे मला कमी दिसते. म्हणून हा मजकूर मी सांगितला आणि वकीलबाईंनी लिहून घेतला. त्यांनी वाचून दाखवल्यावर खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडून तो पुन्हा वाचून घेतला. दोघांचे वाचन जुळले. वकीलबाईंना राग आला असेल तर येवो.

१. याआधी माझ्या सहीने झालेले मृत्युपत्र मी रद्द करते. ते माझा भाचा, म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, टाइप करूनच घेऊन आला होता. त्यात घर त्याला आणि ‘इतर किरकोळ वस्तू’ माझ्या धाकट्या जावेला होत्या. मी सही केली, कारण तेव्हा मला जावेचा संशय होता. त्याचे पुढे काय झाले ते लिहिणे भाग आहे. नाहीतर उद्या भाचा म्हणेल, आत्याला कोणीतरी फितवले.

२. माझी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. माणूस फोनवर एक बोलतो आणि फोन ठेवताना दुसरेच पुटपुटतो, हे मी रोज ऐकले आहे. निवृत्तीनंतर मी पुन्हा विणकाम धरले. काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तू मी करत नाही. गरम भांडे धरायचे चौकोन, बाजाराच्या पिशव्या, पायमोजे, टोप्या, बाटलीची आवरणे, असे रोज हाताखाली येणारे तेवढेच करते, आणि दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बायकांना शिकवते.

जाऊ समोरच्याच दारात राहते. तिच्या लग्नानंतर मी तिला स्वेटर विणून दिला होता. ‘टोचतो’ म्हणून तिने तो परत केला. ही गोष्ट मी विसरलेली नाही. मेल्यावर विसरले असे कोणी समजू नये, म्हणून येथे नोंदवते. तेव्हापासून आमचे बोलणे कामापुरते.

३. माझी वीण घट्ट असते. डोळे गेले तरी बोटांना ते कळते. एकदा अर्धवट मोज्यावरून बोट फिरवले, तर मधल्या काही ओळी सैल लागल्या. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या तळाशी तेच. माझ्यामागे कोणीतरी घरात येऊन माझे काम उसवत होते.

मी भाच्याला सांगितले. तो गोड आवाजात म्हणाला, “आत्या, बोलणार नव्हतो. पण काकूंना तुझ्या दारातून बाहेर पडताना मी पाहिलंय. आज लोकर, उद्या कपाट. हळूहळू घरच गिळतील त्या.”

मी दाराच्या फटीत लोकरीचा धागा अडकवून वर्गाला गेले. परत आले तर धागा तुटलेला. त्याच आठवड्यात मी भाच्याच्या कागदावर सही केली.

४. तरी चोर रंगेहाथ पकडल्याशिवाय मला चैन पडेना. एका दुपारी मी नेहमीप्रमाणे चपला वाजवत जिना उतरले, खाली त्या हातात घेतल्या आणि अनवाणी वर येऊन बाल्कनीच्या पडद्यामागे उभी राहिले.

थोड्या वेळाने किल्ली फिरली. जाऊ आत आली, खुर्चीत बसली, चष्मा लावून मोजा हातात घेतला.

“काय हो जाऊबाई, पुन्हा गाळलेत ना टाके?” ती मोज्याशीच बोलत होती. “आणि वीण एवढी घट्ट की सुई शिरेल तर शपथ!”

क्रोशाच्या सुईने ती माझे गळलेले टाके एकेक करून वर उचलत होती. मी पडद्यामागून बाहेर येणार, एवढ्यात दुसरी किल्ली फिरली.

भाचा आला. माझ्या आजारपणात त्याने किल्ली करून घेतली होती, ते मला तिथे कळले. सोबत घरांची दलाली करणारा माणूस होता, हातात मोजपट्टी.

“ही मधली भिंत पाडली की हॉल मोठा होईल,” भाचा त्याला म्हणाला.

“कोणाची भिंत पाडतोस रे?” जाऊ म्हणाली.

“काकू! तुम्ही इथे काय करताय?”

“मोजा विणतेय. तू काय करतोयस?”

“आत्याच्याच सोयीचं बघतोय. एकटीला आता झेपत नाही. एका चांगल्या ठिकाणी ठेवतो तिला.”

“त्यांना विचारलंस?”

“तिला काय विचारायचं?” भाचा हसला. “सहीपुरतं दिसतं तिला. तेवढं पुरे.”

जाऊ उठली. इतकी वर्षे तिचा चढा आवाज मी ऐकला नव्हता. “बाई धडधाकट चालती-फिरती आहे, आणि तू तिच्या भिंती मोजतोस? लाज वाटत नाही? किल्ली ठेव इथे आणि चालता हो!”

“मला ऐकूही येतं,” असे म्हणत मी बाहेर आले, हातात चपला तशाच.

दलाल मोजपट्टी गुंडाळत ‘माफ करा’ म्हणून जिन्यावरून पळाला. भाचा म्हणाला, “आत्या, तुझा गैरसमज होतोय.” मी त्याला सांगितले की हे वाक्य मी टेलिफोनवर इतक्यांदा ऐकले आहे की पुढचे मीच म्हणून दाखवते. तो किल्ली टाकून गेला.

मग मी जावेकडे वळले. “तुझ्याकडे किल्ली कुठून आली?”

“भाऊजींनी दिली होती, त्यांच्या शेवटच्या आजारात. म्हणाले, ती पडली-झडली तर दार कोण उघडणार? पण तिला सांगू नकोस, कुलूप बदलेल.”

“बदललंच असतं.”

“म्हणून तर नाही सांगितलं.”

“आणि माझ्या कामाला हात का लावलास?”

तिने मोजा पुन्हा हातात घेतला. “वर्गातल्या बायका हसायला लागल्या होत्या. बाईंच्या मोज्यांना खिडक्या असतात म्हणे. मला ते ऐकवेना.”

“मग तोंडाने सांगायचं.”

“तुम्हाला?” ती म्हणाली. “तोंडाने?”

मी चहा टाकला, दोन कप.

५. सबब माझे घर, आतल्या सामानासह, माझ्या पश्चात धाकट्या जावेचे होईल. मधली भिंत तिने पाडू नये. वाचनालयाने जागा नाकारली तर वर्ग बाहेरच्या खोलीत भरावा.

मात्र तिने हे सारे घरावर डोळा ठेवून केले असेल, ही शंका माझ्या मनातून पुरती गेलेली नाही. म्हणून मी आहे तोवर हे कलम तिला कळू देऊ नये. मिळणार आहे हे माहीत नसताना माणूस कसा वागतो, ते मला बघायचे आहे.

६. सुया, क्रोशाच्या सुया व उरलेली लोकर वर्गातल्या बायकांनी वाटून घ्यावी, भांडून नव्हे. माझ्या हातचे चौकोन आणि पिशव्या आठवण म्हणून जपून ठेवू नयेत, वापरून फाडाव्यात. ज्या हसल्या त्यांनी आधी मोज्याची टाच वळवायला शिकावे.

७. ‘शुद्ध लोकर’ म्हणून दुकानदाराने मला दिलेला निळा गुंडा त्याला परत करावा. त्याचा धागा मी मेणबत्तीवर धरून पाहिला आहे. प्लास्टिकचा वास आला.

८. भाच्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची पुढची बाजू तयार आहे, टाके बंद केलेले नाहीत, सुयांवरच आहेत. ती त्याला द्यावी. सुया काढून घेऊन.

९. वकीलबाई या मृत्युपत्राची अंमलबजावणी करतील. त्यांच्यावर दंतवैद्य लक्ष ठेवतील.

१०. हे कलम मालमत्तेविषयी नाही, तरी वकीलबाईंनी ते लिहावे असा माझा आग्रह आहे. डोळ्यांचे डॉक्टर शस्त्रक्रियेला कधीचे तयार आहेत. तारीख मीच पुढे ढकलत आले आहे. जाऊ आता बेल वाजवून येते, समोर बसते, टाके उचलते आणि माझ्या विणीला नावे ठेवते. मला स्वच्छ दिसू लागले तर ती कोणत्या निमित्ताने येईल, याची मला खात्री वाटत नाही. साक्षीदारांनी याविषयी तिच्याजवळ अवाक्षर काढू नये.

वरील सर्व मजकुरावर मी राजीखुशीने, दोनदा ऐकून, सही केली आहे. जावेला या कागदात लाभ असल्यामुळे तिची साक्ष घेतलेली नाही. तिला दळण आणायला पाठवले आहे.

स्थळ : माझीच बाहेरची खोली, दार आतून बंद
दिनांक : १२ नोव्हेंबर २०१९

सही : टेलिफोनवाल्या बाई

साक्षीदार : १. दंतवैद्य, तळमजला (सही)
२. निवृत्त नर्स, विणकाम वर्गातल्या सर्वांत थोरल्या (सही, आपण कधीच हसलो नव्हतो असे त्यांनी तोंडी सांगितले)