दवाचा दोर

१० नोव्हेंबर
आलो बाबा एकदाचा बारामतीला! वरकुट्याहून इंदापूर, तिथून एसटी, मग डेपोपासून स्टेडियमपर्यंत रिक्षा. रिक्षावाल्यानं विचारलं, खेळाडू काय? माझं पोट बघून विचारतोय, म्हणजे चेष्टाच की. म्हटलं, खेळाडू नाही, त्यांच्या पायाखालचं गवत राखणारा.

आणि मैदान केवढं! इंदापुरात दहा वर्षं मी ज्या मैदानावर राबलो, तशी चार यात बसतील. तिथल्या रोलरनं माझ्या डाव्या पायाचं एक बोट घेतलं, तेवढी त्याची आठवण सोबत आहे. गॅलरीखाली खोली मिळालीय. भिंतभर काच, समोर थेट पिच. चेंडू लागून फुटू नये म्हणून काच चांगली जाड बसवलीय.

व्यवस्थापक राजलक्ष्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, इथला खरा साहेब हवामान. वारा बघून पाणी मारायचं, ऊन बघून रोलर फिरवायचा. आणि वीज चमकली की भोंगा. भोंगा झाला की कव्हर उडून गेलं तरी चालेल, माणूस मैदानावर दिसता कामा नये. मी मान डोलावली. हा नियम मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ही वही धाकट्या मेहरीननं दिली. रोज लिहा अब्बा, मन हलकं होईल, म्हणाली. लिहितो बाई.

१२ नोव्हेंबर
थंडी पडली, दव सुरू झालं. गवतावर दव राहिलं तर चेंडू भिजतो, गवताला बुरशी धरते. म्हणून उजाडताच दोघांनी जाड दोराची दोन टोकं धरायची आणि अख्ख्या मैदानावरून तो ओढत न्यायचा. माझा जोडीदार धोंडीबा तात्या. चालता चालता तंबाखू मळतो, दोर ढिला सोडतो. मी खेकसतो, तो हसतो.

इंदापुरात माझी जोडीदार जास्मिन होती. माझी थोरली. शाळेआधी यायची, चपला हातात घेऊन अनवाणी चालायची. कडेला पोचली की दोराला दोन हिसके द्यायची. म्हणजे, वळा अब्बा.

लिहायचं नव्हतं, पण आता टाकतो लिहून. गेल्या वर्षी मे महिन्यात वळवाचं आभाळ आलं. कव्हर ओढायला दुसरं माणूस नव्हतं. पोरगी घरी निघालेली, फाटकापर्यंत पोचलेली. मी हाक मारली, "जास्मिन, दुसरं टोक धर!" आली पळत. वीज तिच्यावर पडली, मला खरचटलंसुद्धा नाही. पिच कोरडी राहिली.

१६ नोव्हेंबर
तात्या तापानं आजारी, घरी गेला. एकटा असलो की दोराचं दुसरं टोक मधल्या खुंटीला बांधायचं आणि आपण गोल फिरायचं. दाट धुकं होतं. निम्म्यावर आलो तर खुंटी उपटून गवतात पडलेली. दोर मात्र ताणलेलाच. मी थांबलो. दोराला दोन हिसके बसले.

मी वळलो. सवयच ती. नंतर बघितलं तर दवात अनवाणी पावलांची रांग उठलेली. डोळ्यांत पाणी, धड दिसेना. भीती वाटली का? अजिबात नाही. गवतात बसून पोटभर रडलो.

१९ नोव्हेंबर
रोज येते माझी पोर. मॅडम बदली माणूस देत होत्या, मी म्हटलं एकट्याला जमतंय.

इथं पिचवर तीन थरांचं कव्हर. दुपारी काढायचं, नाहीतर खालची माती घामेजते. संध्याकाळी परत घालायचं. मातीचे काय हे लाड! आणि वरकुट्यात पोरीच्या मातीवर पाऊस सरळ पडतो. मागं कबर खचली तेव्हा मी ताडपत्री घेऊन निघालो होतो. बायकोनं, मेहबूबबीनं, हात धरला. म्हणाली, भिजू द्या आता तिला. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी धड बोललेलो नाही.

२२ नोव्हेंबर
मेहरीननं फोन केला. विचारते, अब्बा, रोज सकाळी मला हाक का मारता? म्हटलं, येडी का काय, मी बारामतीत. पण आवाज तुमचाच, म्हणते, घरामागून येतो. मी विचारलं, काय म्हणतो मी? म्हणाली, दुसरं टोक धर, असं म्हणता.

त्या दिवशी मी काय ओरडलो, ते कुणालाच सांगितलेलं नाही. मेहबूबबीलाही नाही. फक्त या वहीला.

२४ नोव्हेंबर
तात्या परत आला. आल्या आल्या म्हणाला, "खाजाभाई, सकाळच्या पारी मेहरीन मेहरीन करून कुणाला वरडत व्हता? हितं तर कुणीच न्हाय." मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. पण घसा तीन दिवस बसलाय.

मग पुन्हा गेलो मैदानावर. ऊन चढायच्या आत पावलं नीट बघितली. रुंद पावलं. डावं पाऊल चार बोटांचं. मी तर गमबूट घालतो.

जास्मिन आलीच नव्हती. एक दिवससुद्धा नाही. तिथं फक्त मी आहे, आणि ती हाक.

२५ नोव्हेंबर
उद्या अवकाळी, विजांसह. मॅडमनी सगळ्यांना सूचना दिली. घरी फोन केला, मेहरीनला उंबऱ्याबाहेर सोडू नकोस. मेहबूबबी का, का, असं विचारत राहिली. मी फोन ठेवला.

तात्याच्या पाया पडलो. उद्या मला खोलीत घाल, बाहेरून कुलूप लाव. मी मैदानावर नसलो तर हाक जाणार नाही. नाही नाही म्हणत शेवटी कबूल झाला.

२६ नोव्हेंबर, सकाळ
कुलूप लागलं. बरं वाटतंय.

साडेदहा
मेहबूबबीचा फोन. मेहरीन तिची नजर चुकवून नऊच्या एसटीनं निघाली. डबा घेऊन. शेजारी सांगून गेली, अब्बांनी बोलावलंय— तिच्याजवळ फोन नाही. तात्या उचलत नाही. मॅडम उचलत नाहीत. सगळे कव्हरवर—

दुपार
भोंगा झाला. सगळे आत पळाले. कव्हरचं एक टोक सुटून फडफडतंय.

गॅलरीच्या पायऱ्यांवर ती. हातात डबा. काच बडवतोय. खुर्ची मारली, खुर्ची मोडली— ऐकू जात नाही.

पिचजवळ कुणीतरी आहे. पाठमोरा. कव्हर धरून. अनवाणी. डावं पाऊल— मी इथं आहे. कुलूप लावलंय, मी इथं आहे—

त्यानं हात वर केला. तिनं डबा ठेवला. चपला काढून हातात घेतल्या. थोरलीसारख्या—

येऊ नको म्हणून ओरडतोय. तोंडातून तेच निघतंय. दुसरं टोक धर— माझ्याच तोंडातून—

तोंड दाबलंय. एका हातानं लिहितोय. मोठं लिहितो, वही काचेला लावतो. पोरी, इकडं बघ. बापाचं ऐकू नको. हे वाच.

मेहरीन सोड

टोक सोड

सो